उसवलेलं आणि फाटलेलं

ब्लाउज दोन तऱ्हेनं जातो. एक उसवतो, एक फाटतो. उसवतो तो अंग भरलं म्हणून. बगलेतली शिवण सुटते, आत माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असली की पाच मिनिटांत सैल करून देता येतो. त्याचे मी पैसेही घेत नाही. फाटतो तो कुणीतरी ओढला म्हणून. हुकांची पट्टी कापडासकट निघते, नाहीतर खांद्यापासून मुंड्यापर्यंत उभा चिरतो. तिथं माया कितीही सोडलेली असो, उपयोग नाही.

34 वर्षं मशीनवर बसलेय. गाव कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातलं, जांबोटीच्या बाजूचं. नाव लिहीत नाही. दीडशे उंबऱ्यांचं गाव, नाव लिहिलं तर बाई कोणती हे ओळखायला कुणाला वेळ लागणार नाही. पुण्याच्या लेकीनं हा ब्लॉग काढून दिला तो शिवणकामावर लिहायला. कटोरी ब्लाउजवर दोनदा लिहून झालं. आज दुसरंच लिहितेय, खरं तेही माझ्या मशीनवरूनच आलंय.

(घाटावरच्या वाचकांसाठी: आम्ही बेळगाववाले 'पण'च्या जागी 'खरं' म्हणतो. 'जेवले, खरं पोट भरलं नाही.' सवयीचं आहे, चुकत नाही ते. तरी एक वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की आता 'खरं' म्हणताना मलाच अडखळायला होतं: "मारतोय, खरं माणूस चांगला हाय.")

आमच्या भागातले बरेच बाप्ये गोव्याला कामाला असतात. कुणी बांधकामावर, कुणी हॉटेलात. शनिवारी चोर्ल्याच्या वाटेनं घरी येतात, सोमवारी पहाटे परत. फाटलेले ब्लाउज माझ्याकडं सोमवारी येतात. म्हशीनं ओढलं. खिळ्याला अडकलं. पोरगं लोंबकळलं. मी मान डोलवायची, पिना लावायची, "बुधवारी ने" म्हणायची. माझ्या मापाच्या वहीतही सगळं असतं. एकाच बाईची छाती एका वर्षी 36, पुढच्या वर्षी 34, मग 32. बाळंतपण नाही, आजारपण नाही. कोणी मे महिन्यात सांगतं, बाही कोपराच्या खालपर्यंत कर. मे महिन्यात!

पहिल्यांदा तोंड उघडलं ते 2004 साली, आणि चुकीच्या ठिकाणी उघडलं. तेच आधी सांगते, कारण हे सगळं लिहायला बसण्याचं कारण तेच.

वरच्या आळीतली एक बाई, तिला मी इथं थोरली म्हणेन. एका पावसाळ्यात तिचे तीन ब्लाउज आले, तिन्ही फाटलेले. मला राहवलं नाही. मी तिला काही विचारलं नाही, थेट तिच्या मोठ्या दिराला गाठलं. माणूस शहाणा, गावात शब्दाला मान. त्यानंही मनावर घेतलं. चार दिवसांनी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. नऊ बाप्ये घोंगड्यावर, आणि थोरली पदर डोक्यावरून घेऊन खांबापाशी उभी. पहिला प्रश्न तिलाच: "तुझं काय चुकतंय ते आधी सांग." मग नवऱ्यानं भंडारा उचलला, दारू सोडली म्हणाला, सगळ्यांनी चहा घेतला. मी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, बोललं की होतं.

अकराव्या दिवशी तिला मार बसला. "कुणाला सांगितलंस?" एवढंच विचारत होता म्हणे. आणि तिनं तर कुणालाच सांगितलं नव्हतं. मी कापडावरून वाचलं होतं आणि मीच गावभर केलं होतं. ती माहेरी गेली, हद्दीपलीकडं महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात. आठव्या दिवशी भाऊ तिला साडीचोळी करून परत घालवून गेला. चोळीचं कापड शिवायला माझ्याकडं येईल असं वाटलं. आलं नाही. त्यानंतर तिनं माझ्याकडं एक हूकसुद्धा लावून घेतलेलं नाही. खानापुरात शिवते. आजही दुकानावरून जाताना मान दुसरीकडं असते तिची, आणि मला त्याबद्दल बोलायला तोंड नाही.

बैठकीनं मिटवायचं ही आपल्याकडची जुनी खोड. बांधाचं भांडण बैठकीत मिटतं, दोघंही उभे राहून बोलू शकतात म्हणून. हितं एक बोलू शकत नाही आणि दुसऱ्याच्याच घरी तिला रात्री झोपायला जायचं असतं. नऊ जण चहा पिऊन आपापल्या घरी जातात. मिटतं काय, तर त्या नऊ जणांची अडचण.

दुसरी एक बाई, तिला मी धाकटी म्हणेन, गावात सून होऊन आली 2021 मध्ये. तीही चंदगडकडचीच. आमच्यात सोयरिकी अशाच होतात, माणसांनी हद्द कधी मानलेली नाही. पहिल्या वर्षी तिचे ब्लाउज उसवले, तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, अंग धरतेय. मग फाटायला लागले. 2023 च्या उन्हाळ्यात एका सोमवारी ती एक जांभळा ब्लाउज घेऊन आली. "खिळ्याला अडकलं, आक्का." दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी पिना काढता काढता एवढंच म्हटलं, "खिळ्यानं फाटलेलं असं दिसत न्हाई गे. सांगायचं असलं तर सांग, नसलं तर मी नुसतं शिवून देते. कुणाला बोलत न्हाई." शेवटचं वाक्य मी 2004 ला द्यायला हवं होतं.

तीन सोमवार ती काही बोलली नाही. चौथ्या सोमवारी प्लास्टिकची पिशवी घेऊन आली आणि म्हणाली, "हे हितं ठेवशील काय?"

माझ्याकडं चिंध्यांची एक पत्र्याची पेटी आहे. उशीत भरायला, गोधडीला ठेवलेल्या. तिच्यात कोण हात घालणार? पिशवी तिथं गेली. आत तिचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, पोरीच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स, लग्नपत्रिका, दवाखान्याच्या दोन चिठ्ठ्या आणि 340 रुपये. लग्नपत्रिका कशाला असं मला वाटलं होतं. नंतर वकीलबाईंनी सगळ्यात आधी तीच मागितली, लग्न नोंदवलेलं नव्हतं ना. दवाखान्याच्या चिठ्ठ्यांवर दोन्ही वेळेला 'पडल्यामुळे' असं लिहिलेलं, कारण तिनंच तसं सांगितलं होतं आणि शेजारी सासू उभी होती. आता आमच्यातली कोणी बरोबर गेली तर सासूला बाहेर चहाला नेते आणि आत बाईला डॉक्टरांशी एकटीनं बोलू देते. नवऱ्यानं मारलं हे कागदावर उतरणं फार मोठी गोष्ट आहे, ते मला पन्नाशीनंतर कळलं.

मी तिला विचारलं, माहेरी जातेस काय? मला वाटलं होतं हो म्हणेल. म्हणाली, "मी का जाऊ? शेळ्या माझ्या, भात मी लावलंय. त्यानं मारायचं थांबवू दे." आता हे आपल्या डोक्यात बसत नाही. मदत म्हणजे बाईला उचलून कुठंतरी पोचवायची, असंच आपण धरून चालतो. घरगुती हिंसाचाराचा 2005 चा कायदा मात्र तिच्याच बाजूचा आहे: घर कुणाच्याही नावावर असो, संसार केलेल्या घरात राहायचा तिला हक्क आहे, आणि गरज पडली तर कोर्ट मारणाऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतं. हे वाचून दाखवल्यावर स्त्री शक्ती संघातल्या, म्हणजे आमच्या बचत गटातल्या, आम्ही सात जणी एकमेकींकडं बघत बसलो. 26 ऑक्टोबर 2006 पासून हा कायदा चालू आहे. सतरा वर्षं आम्ही पोरींना "सोस" म्हणत होतो.

मग आम्ही काय केलं, तर विरजण मागायला लागलो.

शनिवारी रात्री धाकटीच्या घरातून आवाज आला की शेजारची उठायची, वाटी घेऊन दारात. "वैनी, विरजण हाय काय?" ती बसायची. दहा मिनिटांनी दुसरी, सूप मागायला. मग मी, दोऱ्याचं रीळ तिच्याकडं राहिलंय म्हणून. मारहाणीचा म काढायचा नाही, नवऱ्याला उपदेश नाही, "दादा, चहा घेतला काय?" एवढंच. आमच्याकडं दारं दिवसरात्र उघडी, त्यामुळं कुणी आलं तर हाकलताही येत नाही. एका शनिवारी तो वैतागून ओरडला, "गावातलं सगळ्यांचं विरजण एकदमच नासतंय काय?" आम्ही बाहेर येऊन इतकं हसलो की मला रडू फुटलं.

मात्र ह्याला एक अट होती, थोरलीकडून शिकलेली. तिला विचारून. पहिल्यांदा जायच्या आधी आम्ही धाकटीला विचारलं, आम्ही आलो तर मागनं जास्त मारेल काय? तिनं विचार करून सांगितलं, "आईसमोर मारतोय, खरं लोकांसमोर न्हाई मारत. या. खरं पोरगीला तुमच्याकडं झोपायला न्या." माणूस कसा उसळतो, कशानं थांबतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुसऱ्या एखाद्या घरी हीच वाटी घेऊन गेलं तर आगीत तेल पडेल.

डिसेंबरात एका रात्री त्यानं कोयता काढला. तेव्हा वाटी नाही. आम्ही कुणी आत गेलो नाही, संघाच्या सेक्रेटरीनं 112 ला फोन लावला. गाडी येईपर्यंत तो शेताकडं पळाला होता आणि धाकटी पोरीला घेऊन माझ्या माळ्यावर. पहाटेच्या बसनं ती माहेरी गेली.

ह्या बसची पण गंमत आहे. 11 जून 2023 पासून कर्नाटकात सरकारी बसमध्ये बायकांना शून्य रुपयाचं तिकीट. बायका हिंडायला लागल्या म्हणून गावात टिंगल झाली, खरं मी सांगते, नवऱ्याकडं भाड्याचे पैसे न मागता तालुक्याला जाता येणं म्हणजे काय असतं ते टिंगल करणाऱ्याला कळणार नाही. फक्त ही सवलत कर्नाटकात राहणाऱ्या बाईला. धाकटीच्या आधारवर पत्ता अजून चंदगडचा. लग्न होऊन दोन वर्षं झाली तरी सासरच्यांनी तो बदलून घेतला नव्हता, रेशन कार्डावर नाव चढवलं नव्हतं. कागदावर ती ह्या घरात नव्हतीच. कंडक्टरनं तिकीट फाडलं, त्याचंही बरोबर. ते 340 रुपये असे कामाला आले.

माहेरी पोचल्यावर पोलिसांकडं गेली, तर तिकडच्या ठाण्यात म्हणाले, गुन्हा कर्नाटकात घडलाय, तिकडं जा. हितं एका ठाण्यात म्हणाले, तू आता महाराष्ट्रात राहतेस, तिकडं दे. सीमाप्रश्न आम्ही लहानपणापासून बघतोय, खरं असा बघितला नव्हता. तालुक्याच्या कोर्टात मोफत कायदा सल्ला मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. तिथल्या वकीलबाईंनी एका कागदावर लिहून दिलं: हिंसाचाराच्या कायद्याखाली बाई तात्पुरती जिथं राहते तिथंही अर्ज करू शकते आणि त्या कोर्टाचा आदेश देशभर चालतो. नवरा किंवा सासरचे छळतात म्हणून गुन्हा नोंदवायचा तर सासर सोडून जिथं आसरा घेतला तिथंही नोंदवता येतो, हे सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये सांगितलंय. आणि 1 जुलै 2024 पासून नव्या फौजदारी कायद्यात हे लिहूनच ठेवलंय की हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यानं घ्यायची. तो कागद लॅमिनेट करून माझ्या दुकानात टांगलाय, रुंद गळ्याच्या डिझाइनच्या तक्त्याशेजारी.

त्याच डिसेंबरात, 11 तारखेला, आपल्याच जिल्ह्यात नव्या वंटमुरीत काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. मुलगा एका मुलीबरोबर पळून गेला म्हणून त्याच्या आईला विवस्त्र करून खांबाला बांधलं. ते घरगुती प्रकरण नव्हतं. खरं हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली तेव्हा न्यायाधीशांनी बघ्यांबद्दल जे विचारलं, ते मला लागलं. एवढी माणसं नुसती बघत होती, पुढं आला तो एकच माणूस. बातमी दुकानात मोठ्यानं वाचली गेली आणि कोणीतरी म्हणालं, "शी, कसलं गाव." मी मशीन थांबवलं नाही, खरं माझ्या डोळ्यांसमोर आमचा सभामंडप आणि खांबाशी उभी असलेली थोरली.

घाबरायचं कारण काय असतं? "उद्या आपल्यावर केस घातली तर?" हेच. तर त्याच 2005 च्या कायद्याचं कलम 4 सांगतं की बाईवर हिंसा होतेय असं ज्याला वाटतं त्या कुणालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळवता येतं, आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. आमच्याकडं संरक्षण अधिकारी म्हणजे तालुक्याच्या बालविकास अधिकारी, म्हणजे अंगणवाडीच्या बाईंच्याच वरिष्ठ. एवढं जवळ होतं. अंगणवाडीच्या बाई दर महिन्याला मीटिंगला त्याच ऑफिसात जात होत्या.

अडलं ते भाषेला. तिथला अर्जाचा फॉर्म कन्नड. धाकटी मराठी शाळेतली, तीही महाराष्ट्रातल्या. आम्ही सात जणी बोलायला कन्नड बोलतो, बाजारापुरतं. वाचता एकीलाच येत होतं, तेही अक्षर लावून. शेवटी गावातली बी.कॉम. करणारी एक पोरगी बरोबर घेतली, ती कन्नड शाळेत शिकलेली. तिनं एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली, आणि तिसऱ्या पानावर थांबली. 'किरकोळ वाद' असं उतरलं होतं. धाकटी म्हणाली, "कोयता म्हण की." दुरुस्त झालं. मराठी की कन्नड ह्यावर ज्यांना भांडायचं त्यांनी खुशाल भांडावं. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, चालू दे. बाईनं न वाचता सही करू नये, एवढ्यापुरतं गावात कन्नड वाचणारं एक माणूस लागतं आणि ते बहुतेक वेळा कुणाची तरी विसाव्या वर्षाची पोरगीच असते.

पहिल्या तारखेपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे. आम्हाला चौदा महिने लागले. आदेश मिळाला: मारायचं नाही, घरातून काढायचं नाही, महिन्याला खर्चाचे पैसे द्यायचे. मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धाकटी आमच्याच गावात राहते. नवरा गोव्यातच आहे आणि शनिवारी येतो.

त्याला सगळ्यात जास्त काय लागलं ठाऊक आहे? कोर्ट नाही. तो भजनी मंडळात. पारायणाच्या सप्ताहात वीणा धरायचा, आवाज चांगला आहे मेल्याचा. मंडळाच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना कुणीही काही शिकवलं नव्हतं. त्यांनी धाकटीला निरोप धाडून विचारलं, "मी त्याला वीणा दिली न्हाई तर तुला त्रास होईल काय?" ती म्हणाली, आता पोलिसात नाव आहे, आता चालेल. त्या वर्षी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात. सात दिवस तो मंडपात मागं बसला. बाप्यांनी बाप्याला सांगायच्या गोष्टी असतात, त्या आमच्या विरजणानं होत नाहीत. त्याच्या एका चुलत भावानं त्याला सरळ सांगितलं, बायकोवर हात टाकलास तर गोव्याच्या खोलीत माझ्याबरोबर राहायचं नाही. तीन वर्षं एका खोलीत राहत होते दोघं.

सगळं गोड झालंय असं समजू नका. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2000 सासूच्या खात्यात येतात, कारण रेशन कार्डावर घरची मुख्य ती. त्यातलं धाकटीला काही मिळत नाही. ह्या शिमग्याला त्यानं तिचा फोन आपटून फोडला. हात लावला नाही, फोन फोडला. आणि मला 'घरं उसवणारी' असं नाव पडलंय. चार घरांनी शिवण बंद केली. सणासुदीला त्याचा फरक पडतो, खोटं कशाला सांगू.

लेकीनं मला सरकारी पाहणीचे आकडे काढून दिले, 2019 ते 21 चे. लग्न झालेल्या शंभर बायकांत नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसलेल्या कर्नाटकात साधारण 44, महाराष्ट्रात 25. म्हणजे हद्दीपलीकडं मारणारे नवरे जवळजवळ निम्मेच? मला पटत नाही. थोरलीही चंदगडची, धाकटीही, त्यांच्या आया-मावश्या मी बघितल्यात. कुठंतरी बायका जास्त बोलल्या, कुठं कमी, असंच असावं. दुसरा आकडा मात्र लगेच पटला. देशभरात मार सोसणाऱ्या शंभरातल्या 14 जणीच कुणाकडं मदत मागतात. बाकीच्यांचे ब्लाउज माझ्यासारखीकडं येत असणार.

मागच्या महिन्यात धाकटीचा आधार पत्ता बदलून आला. त्या दिवशी ती नुसतीच बेळगावला जाऊन आली, काही काम नसताना, शून्य रुपयाच्या तिकिटावर. येताना माझ्यासाठी कुंदा आणला. तिची पिशवी अजून माझ्याच पेटीत आहे, नेत नाही म्हणते. तिच्याशेजारी आता आणखी दोन पिशव्या आल्यात. चिंध्यांना जागा उरली नाही, त्या मी गोणीत भरून माळ्यावर टाकल्यात.